ग्राहक ओरडला, मॅनेजरने त्याचंच ऐकलं, आता काउंटरवर उभं राहायची भीती वाटते

पत्र:
ताई, मी कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात सात महिने झाले काम करतेय. आधी फ्लोअरवर होते, आता एक्सचेंज काउंटरला टाकलंय. मागच्या आठवड्यात एक गृहस्थ शर्ट बदलायला आले, बिल नव्हतं. मी म्हटलं सर बिलाशिवाय होत नाही, तर एवढे चिडले, तुला अक्कल आहे का, तुझा मालक कुठंय, आणि शर्ट अंगावर फेकला, टॅग गालाला लागला. मागे लाइन होती, सगळे बघत होते. मॅनेजर धावत आले आणि मला एका शब्दाने न विचारता सॉरी सर म्हणून शर्ट बदलून दिला. त्याच दिवशी सकाळी एक आजी आल्या होत्या, नेहमी येतात त्या, नातवाचा शर्ट लहान झाला म्हणून. त्यांच्याकडेही बिल नव्हतं, मी नाही म्हटलं तर बरं बाळा म्हणून निमूट परत गेल्या. आता कुणाचा आवाज चढला की माझे हात थरथरतात, घरी गेल्यावरही तेच डोक्यात फिरतं. सोबतचे म्हणतात रिटेलमध्ये हे चालायचंच, मन घट्ट कर. माझंच चुकलं का? नोकरी सोडू का?
- काउंटरवाली

उत्तर:
अगं काउंटरवाली, आधी तुझ्या प्रश्नाचं सरळ उत्तर देते, तुझं चुकलेलं नाही. दुकानाने तुला जो नियम सांगितला तो तू सांगितलास, आणि तुझ्या पत्रावरून दिसतंय की सर म्हणून नीट सांगितलास. अंगावर वस्तू फेकणं ही तक्रार नसते, तो हल्ला असतो, मग तो शर्ट असो नाहीतर काही जड असो. 'एका हाताने टाळी वाजत नाही' असं तुला कुणी म्हटलं असेल तर ते कानाआड कर, काउंटरवर बऱ्याचदा एका हातानेच वाजते.

मी स्वतः नऊ वर्षं चपला-बुटांच्या दुकानात काढलीत, त्यातली पाच तुझ्यासारखीच बदलून देणाऱ्या काउंटरवर, त्यामुळे हात थरथरणं म्हणजे काय ते मला माहितीये, स्कॅनर बारकोडवर स्थिर धरता येत नाही आणि समोरचा म्हणतो एवढं पण येत नाही का. पण तुझं पत्र मी तीन वेळा वाचलं आणि मला वाटतं तुला लागलंय ते त्या गृहस्थांचं ओरडणं नाही. ओरडणारी माणसं तू सात महिन्यांत आधीही पाहिली असशील. तुला लागलंय ते मॅनेजरचं सॉरी सर. ज्या नियमासाठी तू बोलणी खाल्लीस तो नियम तुझ्यासमोर एका मिनिटात हवेत गेला, आणि तू सगळ्या लाइनसमोर तोंडघशी पडलीस. वर ती सकाळची आजी. नीट बोलणारी रिकाम्या हाताने गेली आणि फेकाफेकी करणारा काम करून गेला, हे तुझ्या मनाला खातंय, आणि ते खायलाच पाहिजे, कारण ते खरंच चुकीचं झालं. फक्त ते तू नाही केलंस.

म्हणून मी तुला मन घट्ट कर वगैरे काही सांगणार नाहीये. मन कितीही घट्ट केलं तरी ज्या काउंटरवर तुझ्या शब्दाला वजनच नाही तिथे रोज उभं राहून माणूस झिजतो. आधी मॅनेजरशी बोलायचं, गिऱ्हाइकांचं नंतर बघू.

कधी बोलायचं तर गर्दी नसताना, आणि काउंटरवर अजिबात नाही, आत ऑफिसात किंवा स्टॉकरूममध्ये. सुरुवात 'तुम्ही माझा अपमान केलात' अशी केलीस तर, खरं असलं तरी, तो माणूस लगेच स्वतःचा बचाव करायला लागेल आणि मुद्दा तिथेच राहील. त्यापेक्षा विचार, 'सर, परत असं झालं तर मी काय करायचं? बिल नसेल आणि टॅग जागेवर असेल तर मी स्वतः बदलून देऊ, की तुम्हाला बोलावू?' म्हणजे तुझ्या हातात नक्की किती आहे ते त्याच्या तोंडून वदवून घे. बऱ्याच दुकानांत हे कुणी ठरवलेलंच नसतं. कागदावर नियम एक, मॅनेजर मूड बघून करतो दुसरंच, आणि मधे काउंटरवरची मुलगी सापडते.

दुसरी गोष्ट माग, आणि ही जास्त महत्त्वाची आहे. मॅनेजरला कधीकधी नियम वाकवावा लागतो, त्यालाही वरून प्रेशर असतं, लाइन खोळंबलेली असते, कुणीतरी मोबाइल काढून शूट करत असतं, मी त्याला व्हिलन ठरवत नाही. पण वाकवायचाच असेल तर आधी एक वाक्य बोलून वाकवावा. 'यांनी तुम्हाला बरोबरच सांगितलं, नियम तसाच आहे, या वेळी मी माझ्या अधिकारात करून देतो.' एवढंच. गिऱ्हाइकाचं काम होतं, दुकानाचं नाव राहतं आणि तुझं तोंडही खाली जात नाही. हे वाक्य मला एका जुन्या फ्लोअर मॅनेजर बाईंनी दिलं होतं, त्या ते बोलताना माझ्या बाजूला येऊन उभ्या राहायच्या, काउंटरच्या आत, गिऱ्हाइकाच्या बाजूने नाही. तो उभं राहण्यातला फरक मला अजून आठवतो. तुझ्या मॅनेजरला थेट सांग, की सर तुम्ही असं म्हणालात तर मला काउंटर सांभाळायला सोपं जाईल. कामाची भाषा आहे, त्याला नाही म्हणणं अवघड जातं.

आणि अंगावर फेकलं ते स्पष्ट शब्दांत सांग, गुळमुळीत नको. 'शर्ट माझ्या गालाला लागला, असं झालं तर सिक्युरिटीला बोलवायचं की नाही ते आज ठरवूया.'

'ग्राहक कधीच चुकत नाही' ही ओळ तुझ्या मॅनेजरच्या डोक्यात पक्की बसलेली असणार, ती सगळ्यांच्याच डोक्यात असते. ही ओळ शंभरेक वर्षं जुनी आहे, शिकागोचे दुकानदार मार्शल फील्ड आणि त्यांच्याकडे काम शिकून पुढे 1909 मध्ये लंडनला स्वतःचं मोठं दुकान काढणारे सेल्फ्रिज यांच्या नावावर ती सांगितली जाते. ज्या काळात माल खराब निघाला तर दुकानदार सरळ हात वर करायचा, घेताना डोळे उघडे ठेवायला काय झालं होतं म्हणायचा, त्या काळात तक्रार ऐकून घ्या, गिऱ्हाइकाला खोटं समजू नका, असा तिचा अर्थ होता, आणि तो चांगलाच आहे. पण तक्रार ऐकून घेणं वेगळं आणि शिव्या ऐकून घेणं वेगळं. आता जगातही हे मान्य व्हायला लागलंय. कामाच्या जागी होणाऱ्या हिंसा आणि छळाबद्दल आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 190 नंबरचा करार आहे, 2019 चा, त्यात छळ करणारा फक्त साहेब किंवा सहकारी नसतो, बाहेरचा माणूसही असू शकतो हे धरलंय, आणि सोबतच्या शिफारशीत तर ग्राहक हा शब्दच आहे. सगळ्या देशांनी तो करार स्वीकारलेला नाही, पण शब्द कागदावर आलाय. जपानमध्ये गिऱ्हाइकांकडून होणाऱ्या छळाला 'कासुहारा' असा वेगळा शब्दच आहे आणि टोकियोने 1 एप्रिल 2025 पासून त्याविरुद्ध नियम लागू केलाय, त्यात दंड-शिक्षा नाहीये, पण असं वागायचं नाही हे सरकारी कागदावर लिहून ठेवलंय. हे तुला सांगतेय कारण 'रिटेलमध्ये हे चालायचंच' म्हणणारे तुझे सोबती मनाने चांगले असतील, पण हे चालायचंच असं काही नाहीये.

आता काउंटरवरचं. इथे मला माझी एक चूक सांगायची आहे. एकदा एक बाई बूट घेऊन आल्या, सोल पुढून सुटलेला, पार बेडकाच्या तोंडासारखा उघडा. मी बुटाकडे बघितलंच नाही, बाईंच्या चेहऱ्याकडे बघितलं, त्या आल्या त्याच चिडलेल्या होत्या, आणि माझ्या मनात लगेच, पावसात भिजवला असणार, आता आमच्या गळ्यात मारताहेत. मी म्हटलं वापरलेला माल बदलून मिळत नाही. त्या ओरडल्या, मीही आवाज चढवला, त्या रडवेल्या होऊन गेल्या. पुढच्या आठवड्यात त्याच मॉडेलचे आणखी तीन जोड परत आले, तसेच उघडे. अख्ख्या लॉटचं पेस्टिंग कच्चं होतं. त्या बाई खऱ्या होत्या आणि परत कधी आल्या नाहीत, मला त्यांची माफीही मागता आली नाही.

त्यानंतर मी एक सवय लावून घेतली, ती तुला देते. माणूस कितीही तापलेला असू दे, पहिल्यांदा वस्तू हातात घ्यायची. 'द्या, बघू दे मला.' दोन्ही हातांनी घ्यायची, काउंटरवर पसरायची, शिवण बघायची, कॉलर उलटी करायची, टॅग, बटणं, काखेतली शिलाई, सगळं खरोखर बघायचं, बघितल्यासारखं करायचं नाही. यात दोन गोष्टी होतात. एक म्हणजे तुला खरी माहिती मिळते, माल खराब आहे, की धुतलाय, की नुसता साइज चुकलाय. आणि दुसरं, समोरच्याची नजर तुझ्या तोंडावरून उतरून त्या शर्टावर येते. आता तो तुझ्याशी भांडत नसतो, तुम्ही दोघं मिळून एका शर्टाकडे बघत असता. प्रत्येक वेळी चालेल असं नाही सांगत, पण माझ्या बाबतीत ही एक गोष्ट जितकी कामी आली तितकी दुसरी कुठलीच नाही. शिवाय थरथरणाऱ्या हाताला काम मिळतं हा फायदा आहेच.

मग विचारायचं, पण 'का' ने सुरू होणारं काही नाही. बिल का नाही आणलं म्हटलं की माणूस भांडायलाच उभा राहतो, कधी घेतला, कुठल्या नंबरवर बिल झालं होतं, कार्डने दिले होते की कॅश, असं विचारलं की त्याला आठवायला लागतं, आणि आठवता आठवता माणूस तेवढ्या जोरात ओरडू शकत नाही. 'बिलाशिवाय होत नाही' हे खरं असलं तरी ते पहिलं वाक्य करू नकोस, पहिलं वाक्य जे होऊ शकतं त्याचं असू दे. 'बिल नसेल तर नंबर सांगा, मी सिस्टिममध्ये शोधते.' सापडलं तर प्रश्नच मिटला, नाही सापडलं तरी तू शोधलंस हे त्याने बघितलेलं असतं. आणि 'शांत व्हा' हे दोन शब्द तर वापरूच नकोस, ते ऐकून कुणी शांत झालेलं मी तरी पाहिलं नाही. तो बोलत असताना मधे तोडू नको, बोलू दे, बहुतेकांचं स्टेशन लवकर येतं. कितीतरी वेळा वड्याचं तेल वांग्यावर असतं, घरचा राग, साहेबाचा राग, पार्किंग मिळालं नाही त्याचा राग, तो सगळा तुझ्या काउंटरवर उतरतो, पण तू त्याची कारणं शोधत बसू नको, ते तुझं काम नाही.

नाही म्हणायची वेळ आली की तीच ओळ, त्याच आवाजात, हवं तर चार वेळा. प्रत्येक वेळी नवीन कारण दिलंस की समोरच्याला वाटतं अजून जागा आहे, ढकलून बघू.

आणि हद्द. शिव्या, अंगावरची भाषा, बाईमाणूस म्हणून काही बोलणं, फेकणं, हात उगारणं. शब्दांपुरतं असेल तर एकदा सांगायचं, आवाज खाली ठेवून, 'मी तुमचं काम करून देणारच आहे, पण असं बोललात तर मी बाजूला होईन आणि मॅनेजर बोलतील.' एकदाच. परत बोलला तर खरंच बाजूला व्हायचं, नुसतं म्हणून उभं राहिलीस तर पुढच्या वेळी तुझ्याच शब्दाला किंमत राहणार नाही. फेकाफेकी किंवा हात उगारला तर बोलणंच बंद, दोन पावलं मागे, मधे काउंटर ठेवायचा, आणि सिक्युरिटी. तिथे सौजन्य दाखवायची गरज नाही, कुणाचीच तशी अपेक्षा नसावी, असली तर ती अपेक्षा चूक आहे.

सोबतच्यांबरोबर एक खुणेचं वाक्य ठरवून ठेव. आमचं होतं, 'जरा वरचा स्टॉक बघतेस का?' हे कानावर पडलं की जी मोकळी असेल ती येऊन शेजारी उभी राहायची, काही बोलायची नाही, नुसती उभी. समोर एकाच्या जागी दोन माणसं दिसली की बराच फरक पडतो. आणि ते झाल्यावर जिच्या वाट्याला आलं तिला पाच मिनिटं आत पाठवायचं, लगेच पुढचं गिऱ्हाईक घ्यायला लावायचं नाही. लाइनमधल्या पुढच्या माणसाने तुझं काही बिघडवलेलं नसतं आणि तू मात्र त्याच्यावर चिडून बसतेस, मग तोही चिडतो, दिवस असाच जातो.

एक छोटी वही ठेव. तारीख, वेळ, काय झालं, काय शब्द वापरले, सोबत कोण होतं, मॅनेजरने काय केलं. चार ओळी बास. उद्या गोष्ट वर गेली तर तुझ्याकडे पुरावा असेल, आणि महिनाभराने वाचलंस तर कळेल की भांडणं ठरावीक जागीच होताहेत. आमच्याकडे निम्मी भांडणं बदलून द्यायच्या मुदतीवरून व्हायची, कारण ती मुदत बिलाच्या तळाला मुंगीएवढ्या अक्षरात होती आणि बोर्ड होता बिलिंगच्या मागच्या भिंतीवर, म्हणजे पैसे भरून झाल्यावर दिसणार. मग बिल देतानाच आम्ही त्या ओळीवर बोट ठेवून सांगायला लागलो, 'बदलायचं असेल तर हे बिल आणि टॅग, या तारखेच्या आत.' भांडणं सरळ कमी झाली. तुमच्या बिलिंगवाल्यांनाही हे सांगून बघ.

घरी डोक्यात तेच फिरतं म्हणतेस, त्याबद्दल. आर्ली हॉक्शील्ड नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी 1983 मध्ये विमानातल्या एअर होस्टेसचा अभ्यास मांडला आणि त्यातून 'भावनिक श्रम' हा शब्द रुळला, म्हणजे आत काहीही चाललेलं असू दे, पगारासाठी चेहऱ्यावर हसू ठेवणं, हेही ओझी उचलण्यासारखंच काम आहे आणि त्यानेही माणूस दमतो. मला हे समजलं तेव्हा खूप हलकं वाटलं होतं. तू घरी जाऊन गप्प बसून राहतेस ते तू कमजोर आहेस म्हणून नाही, तू दहा तास काम केलंयस आणि त्यातलं निम्मं कुणाला दिसत नाही म्हणून. त्यामुळे घरी गेल्या गेल्या कुणाशी गोड बोलायची सक्ती स्वतःवर करू नको, अर्धा तास तुझा चेहरा जसा असेल तसा राहू दे, घरच्यांना सांगून ठेव. झालेली गोष्ट एकदा कुणाला तरी पूर्ण सांग, रोज नाही, एकदा, पण अख्खी. आणि हात थरथरणं काही आठवडे झाले तरी थांबलं नाही, झोप उडाली, कामावर निघतानाच पोटात गोळा यायला लागला, तर डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला दाखव, ते अंगावर काढायचं दुखणं नाही.

नोकरी सोडू का? आज नको. मॅनेजरशी बोलून महिनाभर बघ. तो वागणं बदलतोय असं दिसलं तर राहा, तुला काम येतं, ज्या मुलीला आठवडाभराने आजीची आठवण येते ती काउंटरवर हवीच आहे. पण बोलून सांगूनही परत कुणी अंगावर फेकलं आणि परत त्याचंच सॉरी सर झालं, तर दुसरीकडे बघायला सुरुवात कर, आधी नवीन हातात घे आणि मग सोड, आणि सोडताना हरले असं मनात आणू नको.

ते गृहस्थ परत आले तर? येतीलही. काउंटर दुसऱ्या कुणाला तरी दे, हे मॅनेजरला आत्ताच सांगून ठेव, त्यात पळपुटेपणा नाही.

आणि आजींचं. मॅनेजरशी बोलशील ना, तेव्हाच हेही विचार, 'त्यांना दिलं तर आजींनाही द्यायचं ना सर?' तो नाही म्हणू शकणार नाही. नेहमी येतात म्हणतेस, म्हणजे येतील. नातवाचा साइज तुला आठवत असेल तर एक नंबर मोठा पीस आजच बाजूला काढून ठेव, काउंटरच्या खाली, वर चिठ्ठी लावून.

- ताई